थेंबानंतरची खतावणी

गेल्या वर्षी वहीपूजनाच्या आदल्या दिवशी आमच्या मावसबंधूंच्या पेढीवर जुन्या वह्या आवरण्याचे काम चालू होते. घरात आणि बाजारात सारे त्यांना ‘भाऊ’ म्हणतात. वय एकसष्ट, भांड्यांचा घाऊक व्यापार, आणि त्या दिवाळीच्या तीन महिने आधी उजव्या पायाची दोन बोटे शस्त्रक्रियेने काढावी लागलेली. मुलगा कपाटातून वह्या उतरवीत होता, भाऊ पाय उशीवर ठेवून गादीवर बसले होते, आणि मी निवृत्त माणूस, काही काम नसताना तेथे हजर होतो. पाच वर्षांपूर्वीच्या एका वहीतून चौकोनी कागद खाली पडला. त्यावर भाऊंचे नाव, वय, एका रविवारची तारीख आणि पुढे लिहिलेले : ‘रक्तशर्करा २६८. डॉक्टरांना दाखवावे.’ मुलाने तो कागद वडिलांना न देता माझ्या हाती दिला. त्याने अक्षर ओळखले होते. ते माझे होते.

त्या रविवारी आमच्या मंडळाने मोफत मधुमेह तपासणी शिबिर घेतले होते. मी खजिनदार. अक्षर बरे म्हणून चिठ्ठ्या लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. सकाळी आठ ते दुपारी एक या वेळात चारशेहून अधिक लोकांची बोटे टोचली गेली. मी वार्षिक अहवालात ती संख्या ठळक अक्षरांत छापली आणि सभेत टाळ्याही घेतल्या. साठएक जणांचे आकडे दोनशेच्या वर होते, ही नोंदही माझ्याच कागदांत होती. त्या साठ जणांना आठवड्याभराने एकेक फोन केला असता, तर प्रत्येकी पाच मिनिटे धरून पाच तास लागले असते. मंडप, चहा, फलक आणि छायाचित्रकार यांच्यासाठी आम्ही याहून कितीतरी अधिक तास दिले होते.

भाऊंनी कागद मागून घेतला, चष्मा लावून वाचला आणि म्हणाले, “तू लिहिलं होतंस खरं. मीच वहीत ठेवलं. त्या आठवड्यात लग्नसराईचा माल उतरायचा होता.” मग थोड्या वेळाने : “पण नंतर कुणी विचारलंही नाही रे.”

आपल्या घरांत कीर्द आणि खतावणी यांतला फरक समजावून सांगण्याची गरज नाही. दिवसाचा व्यवहार कीर्दीत येतो, परंतु तो त्या त्या माणसाच्या खात्यावर चढेपर्यंत वसुलीला उपयोगी पडत नाही. आमच्या शिबिराने चारशे नोंदी कीर्दीत केल्या आणि वही मिटली. एकही नोंद खतावणीत गेली नाही. बँकेत तीस-पस्तीस वर्षे काढलेल्या माणसाकडून हे घडावे, याचा खेद मला अद्याप आहे, आणि या महिन्याचे हे पान त्यासाठीच खर्च करीत आहे.

मधुमेहाची अडचण अशी की, तो दुखत नाही. दाढ ठणकली की माणूस रात्री उठून लवंग शोधतो. साखर २६८ असताना तो दिवसभर गादीवर बसून भाव सांगत राहतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या ‘इंडियाब’ या देशव्यापी अभ्यासाचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी सुमारे १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. या उंबरठ्यावरच्यांना ‘पूर्वमधुमेही’ म्हणतात. त्यांच्याविषयी एक दिलासा देणारी गोष्ट आपल्याच देशात सिद्ध झाली आहे. डॉ. ए. रामचंद्रन आणि सहकाऱ्यांनी अशा ५३१ जणांवर केलेला अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. आहार व व्यायामाचे सातत्याने मार्गदर्शन मिळालेल्या गटात मधुमेह होण्याचे प्रमाण, तसे मार्गदर्शन न मिळालेल्या गटाच्या तुलनेत, सुमारे २८ टक्क्यांनी कमी झाले. येथे ‘सातत्याने’ हा शब्द महत्त्वाचा आहे. त्यांना एकदाच पत्रक वाटून घरी पाठविले नव्हते.

मोफत तपासणी चांगलीच, असे आपण गृहीत धरतो. वस्तुतः अमेरिकन डायबेटिस असोसिएशनसारखी संस्था दवाखान्याबाहेरच्या सरसकट सामूहिक तपासणीची सर्वसाधारणपणे शिफारस करीत नाही. कारण सोपे आहे : ज्याचा आकडा वाढलेला निघतो, तो पुढच्या तपासणीला व उपचाराला पोहोचेलच याची हमी नसते. भाऊंची चिठ्ठी वहीतून पडली, त्याच्या आधी मी हे वाचले असते, तर ‘परदेशी लोकांचा अतिचिकित्सकपणा’ म्हणून पान उलटले असते.

मग तपासण्या बंद कराव्यात का? माझे मत तसे नाही. मात्र तपासणीची जागा बदलावी, असे मला वाटू लागले आहे. शिबिराचा मंडप सोमवारी नसतो. औषधाचे दुकान सोमवारी, मंगळवारी आणि पुढच्या महिन्यातही असते. मधुमेही माणूस डॉक्टरांकडे तीन महिन्यांनी जातो, कधी सहा महिन्यांनी. औषधाच्या दुकानात मात्र दर महिन्याला जातो. काउंटरपलीकडचा फार्मासिस्ट त्याला नावाने ओळखतो, मागच्या महिन्यात गोळ्या अर्ध्याच नेल्या होत्या हे त्याला ठाऊक असते, आणि बहुधा अर्ध्या का नेल्या हेही ठाऊक असते. खातेदाराची इतकी माहिती आमच्या शाखाधिकाऱ्यालाही नसायची.

या कल्पनेची मोठ्या प्रमाणावर परीक्षा झाली ती अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना राज्यातल्या ॲशव्हिल या शहरात. तेथील नगरपालिका आपल्या कर्मचाऱ्यांच्या आजारपणाचा खर्च स्वतःच सोसत असे. १९९६ मध्ये तिने ठरविले की, मधुमेही कर्मचाऱ्याने शहरातील प्रशिक्षित फार्मासिस्टला नियमित भेटावे. त्याने ते केले तर मधुमेहाच्या औषधांचा आणि तपासणीच्या साहित्याचा त्याच्या वाट्याचा खर्च माफ. भेटीत फार्मासिस्ट साखरेच्या नोंदी पाही, पाय तपासी, गोळ्या कशा घेतल्या जातात ते विचारी आणि गरज पडल्यास डॉक्टरांना कळवी. २००३ मध्ये दीर्घकालीन निष्कर्ष छापून आले. औषधांवरचा खर्च वाढला होता, पण रुग्णालये व डॉक्टर यांवरचा खर्च त्याहून अधिक घटला. एकूण थेट वैद्यकीय खर्च दर रुग्णामागे वर्षाला १,२०० ते १,८७२ डॉलरनी कमी झाला. आजारपणाच्या रजाही घटल्या. लेखापरीक्षकाच्या सवयीने एक आक्षेप नोंदवितो : ही माणसे स्वेच्छेने आलेली होती आणि तुलनेसाठी स्वतंत्र गट नव्हता, तेव्हा सगळेच श्रेय योजनेला देता येणार नाही. तरीही औषधांचे बिल वाढले आणि एकूण बिल उतरले, हा ताळेबंद व्यापारी माणसाने दोनदा वाचावा असा आहे.

ॲशव्हिलला जाण्याची मला गरज पडली नाही. आमच्या गल्लीच्या तोंडाशी औषधाचे एक दुकान आहे. तिसऱ्या पिढीतला तरुण ते चालवितो. स्वतः नोंदणीकृत फार्मासिस्ट आहे आणि स्वतः हजर असतो. (परवाना भिंतीवर आणि पदवीधर दुसऱ्याच गावी, ही रीत आपल्यालाही अपरिचित नाही. आपल्यापैकी अनेकांची औषधांची दुकाने आहेत म्हणून हे येथेच बोलतो.) २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्सनुसार रुग्णाला औषधासंबंधी समजावून सांगणे हे फार्मासिस्टच्या कर्तव्यातच मोडते. हा मुलगा ते मनापासून करतो. शनिवारी दुपारी तीन ते पाच गिऱ्हाईक कमी असते. त्या वेळी तो काउंटरच्या आतल्या बाजूला एक स्टूल ठेवतो. भिंतीवर फलक नाही.

येणाऱ्याचे बोट तो लगेच टोचत नाही. आधी शिंप्याची फीत काढतो. चेन्नईच्या मद्रास डायबेटिस रिसर्च फाउंडेशनमधील डॉ. व्ही. मोहन व सहकाऱ्यांनी २००५ मध्ये भारतीयांसाठी मधुमेहाच्या धोक्याचे एक गुणपत्रक तयार केले. त्यात वय, कमरेचा घेर, शारीरिक हालचाल आणि आई-वडिलांना मधुमेह आहे का, या चार गोष्टींना मिळून शंभर गुण आहेत. साठ किंवा अधिक गुण म्हणजे धोका मोठा. वय पन्नास किंवा अधिक असेल तर तीस गुण. पुरुषाची कंबर नव्वद सेंटिमीटर भरली की दहा आणि शंभर भरली की वीस. स्त्रियांसाठी याच मर्यादा ऐंशी आणि नव्वद. बसून काम आणि व्यायाम नाही, याला तीस. आई-वडिलांपैकी एकाला मधुमेह असेल तर दहा, दोघांना असेल तर वीस.

मी त्या दुपारी भाऊंचा जुना हिशेब मांडून पाहिला. चिठ्ठीच्या वेळी वय छप्पन्न, म्हणजे तीस. कंबर त्यांच्याच सांगण्याप्रमाणे अठ्ठ्याण्णव, म्हणजे दहा. सकाळी नऊ ते रात्री आठ गादीवर, म्हणजे तीस. मावशीला मधुमेह होता, म्हणजे दहा. बेरीज ऐंशी. रक्ताचा थेंबही न काढता हे समजले असते. नंतर मी आमच्या बाजारपेठेतली एकेक पेढी नजरेसमोर आणली. पन्नाशी ओलांडलेला आणि गादीवर बसणारा कोणताही व्यापारी सुरुवातच साठापासून करतो.

धोका मोठा दिसला की मग ग्लुकोमीटर. हात साबणाने धुऊन कोरडे करायला तो लावतो. फळ कापलेल्या बोटावरचा गोडवा आकडा चढवितो, हे मला येथेच कळले. टोचण्याची सुई प्रत्येकाला नवी, आणि वापरलेली सुई लगेच जाड प्लास्टिकच्या बंद डब्यात. पट्ट्यांच्या डबीवरची मुदत तो पाहतो आणि झाकण उघडे ठेवीत नाही. आमच्या शिबिरात ती डबी सकाळभर टेबलावर उघडी होती. आणखी एक गोष्ट तो प्रत्येकाला सांगतो : या यंत्राचा आकडा हा इशारा आहे, निदान नव्हे. निदानासाठी प्रयोगशाळेत उपाशीपोटी १२६ किंवा अधिक, अथवा तीन महिन्यांची साधारण सरासरी सांगणारी एचबीए१सी ही तपासणी ६.५ किंवा अधिक, असा निकष आहे, आणि ठळक लक्षणे नसतील तर तेही पुन्हा पडताळून पाहतात.

मग येते त्याची वही. नाव, आकडा, तारीख येथपर्यंत ती आमच्या चिठ्ठीसारखीच. पुढे दोन रकाने अधिक : ‘आठव्या दिवशी फोन’ आणि ‘डॉक्टरांकडे गेले का’. दुसरा रकाना भरेपर्यंत नाव बंद होत नाही. मी ती वही पाहिली तेव्हा एका नावापुढे सात फोनांच्या तारखा होत्या. अनुत्पादक कर्जाच्या वसुलीलाही आम्ही इतकी चिकाटी दाखविल्याचे स्मरत नाही. वही तो कुलपात ठेवतो. उपवर मुलीच्या वडिलांची साखर बाजारात चर्चेला येणे बरे नाही, हे त्याला कुणी शिकवावे लागले नाही.

त्या स्टुलावर आकड्यापेक्षा बोलण्याला अधिक वेळ जातो. मी तेथे दोन शनिवार बसून ऐकले. एक आजी इन्सुलिन घेत. घरी सिरिंज संपल्या म्हणून नातवाने दुसऱ्या आणल्या होत्या. आपल्याकडे इन्सुलिनच्या बाटल्या बहुतेक ‘४०’ च्या असतात आणि त्यांची सिरिंज लाल टोपणाची. पेनमधील इन्सुलिन सामान्यतः ‘१००’ चे असते आणि ‘१००’ ची सिरिंज नारिंगी टोपणाची. शंभरचे इन्सुलिन चाळीसच्या सिरिंजने मोजले तर मात्रा अडीचपट जाते. उलट केले तर अर्ध्याहूनही कमी. चिठ्ठीवर डॉक्टरांनी मात्रा बिनचूक लिहिलेली असते, आणि चूक टोपणाच्या रंगात होते. ही चूक पकडण्याची जागा काउंटरच आहे.

दुसरा प्रसंग थेट आपल्या घरातला. एका श्राविकेला पर्युषणात अठ्ठाई करावयाची होती आणि त्या मधुमेहाच्या दोन गोळ्या घेत. “गोळ्या पाण्याबरोबर चालतात ना?” एवढाच त्यांचा प्रश्न होता. मुलाने चिठ्ठी पाहिली. एक गोळी ग्लिमेपिराइड गटातली होती, जी पोटात अन्न असो वा नसो, इन्सुलिन स्रवायला लावते. उपवासात ती साखर धोक्याच्या पातळीखाली नेऊ शकते. दुसरी डापाग्लिफ्लोझिन. ती साखर लघवीवाटे बाहेर टाकते, आणि दीर्घ उपवासात, विशेषतः पाणीही कमी असेल तर, शरीर कोरडे पडण्याचा आणि रक्तात आम्ल साचण्याचा धोका वाढविते. त्याने गोळी बंद करा असे सांगितले नाही, चालू ठेवा असेही नाही. तो त्याचा अधिकार नव्हे. त्याने त्यांच्या डॉक्टरांना फोन लावला आणि पर्युषणाला महिना शिल्लक असतानाच भेट ठरवून दिली.

चौविहार पाळणाऱ्यांबाबतही हेच. सूर्यास्तापूर्वी जेवण ही सवय मधुमेहाला प्रतिकूल नाही. परंतु संध्याकाळी गोळी किंवा इन्सुलिन घेऊन रात्रभर पाणीही न घेणाऱ्याची साखर पहाटे सत्तरच्या खाली गेली, घाम फुटला, हात थरथरले, तर त्या क्षणी पंधरा ग्रॅम ग्लुकोज घ्यावेच लागते आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे लागते. पच्चक्खाणात आगार असतात, ते याच प्रकारच्या अडचणींसाठी असतात, असे आमच्या महाराजसाहेबांनी विचारल्यावर सांगितले. आपण आपल्या गुरूंना आणि डॉक्टरांना, दोघांनाही, आधी विचारून ठेवावे. नेमकी अडचण आली की त्या वेळी घरातले गोंधळतात आणि तोंडात साखर घालावी की नाही यावर चर्चा सुरू होते.

पायांविषयी मी भाऊंमुळे अधिक लक्ष देऊन ऐकले. मधुमेहात तळव्यांची संवेदना हळूहळू जाते. आपण मंदिरात अनवाणी जातो, शत्रुंजयाच्या तीन हजारांहून अधिक पायऱ्या अनवाणी चढतो. संवेदना गेलेल्या माणसाला खडा रुतल्याचे किंवा तापलेल्या फरशीने फोड आल्याचे कळतच नाही. भाऊंचे नेमके तेच झाले होते. फोड त्यांनी पाहिला तो मोज्याला डाग लागल्यावर. रोज रात्री तळवे उजेडात पाहावेत, वाकता येत नसेल तर आरसा खाली ठेवावा किंवा घरच्यांना पाहायला सांगावे, इतका साधा तो सल्ला आहे. त्याला जोडून आणखी एक : मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेतल्याने शरीरातील बी-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकते, आणि शाकाहारी माणसाकडे ते मुळात बेताचेच असते. त्याच्या कमतरतेनेही पाय बधिर होतात. डॉक्टरांना बी-१२ च्या तपासणीबद्दल विचारायला हरकत नाही.

आता थोडे कटू बोलतो. मोफत तपासणी हे गिऱ्हाईक ओढण्याचेही साधन आहे. कंपनी ग्लुकोमीटर देते, फलक देते, आणि स्टुलावरून उठणाऱ्याच्या हातात ‘शुगर मुळापासून घालविणारे’ चूर्ण किंवा चौदाशे रुपयांचा पावडरचा डबा जातो. माणूस आकडा ऐकून घाबरलेला असतो. त्या क्षणी त्याला काहीही विकता येते. मी त्या मुलाला विचारले, तू काय करतोस? म्हणाला, “काका, शनिवारी स्टुलावर बसलेल्याला त्या दिवशी मी काहीच विकत नाही. त्याची नेहमीची औषधं असली तरी सोमवारी या म्हणतो.” यात त्याचे नुकसान होते का, हे मी विचारले नाही. वीसएक रुपयांची पट्टी तो पदरची घालतो, हे मात्र दिसते. औषधदानाला आपल्याकडे मान आहे. त्यात गोळी फुकट देण्याखेरीज, न लागणारी गोळी न विकणेही बसत असावे.

येत्या नोव्हेंबरात १४ तारखेला जागतिक मधुमेह दिन आहे. इन्सुलिनच्या शोधकर्त्यांपैकी एक असलेल्या फ्रेडरिक बँटिंग यांचा तो जन्मदिवस. मंडळाने नेहमीप्रमाणे शिबिराचा ठराव मांडला होता. मी विरोध केला, बराच वाद झाला, शेवटी असे ठरले की, मंडप घालायचा नाही. आपल्या चार औषधविक्रेत्या कुटुंबांच्या दुकानांत महिन्यातले चारही शनिवार दुपारी स्टूल ठेवायचे, दर दुकानी एका दुपारी पंधराहून अधिक नावे घ्यायची नाहीत, आणि मंडपाचे पैसे पट्ट्या, सुया व वह्यांना द्यायचे. अहवालात किती जणांना तपासले हा आकडा छापायचा नाही. किती जण डॉक्टरांपर्यंत पोहोचले एवढाच छापायचा. तो आकडा लहान दिसेल, अशी काहींची तक्रार आहे. दिसू द्या.

आठव्या दिवशीच्या फोनांचे काम मी घेतले आहे. भाऊंनी एका दुकानी स्टुलाशेजारी बसायचे कबूल केले आहे. पाय दाखविण्याची वेळ आली तर दाखवीन, म्हणाले. चारही दुकानांचे फोन मिळून आठवड्याला तीन-चार तासांचे काम आहे आणि ते एकट्याने निभणार नाही. आणखी दोन माणसे हवी आहेत. ज्यांना दुपारी वेळ असेल त्यांनी मंडळाच्या कार्यालयात नाव द्यावे. अक्षर चांगले नसले तरी चालेल.